काडतुसांच्या गप्पा: येम्टलंडमध्ये मूसच्या मागावर

आमच्या कुडाळच्या घरात बंदूक होती. आजोबांची, ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की परत आणायची. मी ती कधी हातात धरून उडवली नाही, पण माकडं हाकलायला आजोबा नुसताच बार काढायचे त्याचा आवाज अजून कानात आहे. शिकारीशी माझा संबंध एवढाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे त्यापलीकडे काही उरलंही नाही.

त्यामुळे स्टॉकहोममधला माझ्या टीममधला मित्र दर सप्टेंबरला आठवडाभर गायब व्हायचा, तेव्हा मला गंमत वाटायची. तो उत्तरेकडच्या येम्टलंडचा. तिकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला मूसची (हरणाच्या कुळातलं अवाढव्य जनावर) शिकार सुरू होते आणि गावंच्या गावं रानात जातात. यंदा तो म्हणाला, "चल. बंदूक मिळणार नाही, कॉफी मिळेल." गेलो.

शनिवार: स्वयंपाकघरातलं टेबल

स्टॉकहोमहून ओस्टरसुंडपर्यंत ट्रेन, तिथून मित्राच्या गाडीने दोन तास उत्तरेला. वाटेत झाडं, तळं, झाडं, तळं. बर्चची पानं पिवळी पडायला लागली होती.

मित्राच्या वडिलांचं घर लाकडी, लाल रंगाचं. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मला ते काही जमेना. मनातल्या मनात मी त्यांना आबा म्हणायला लागलो, तेच इथेही लिहितो. आबा फार बोलत नाहीत. "हो" म्हणायचं असेल तर ओठ मुडपून श्वास आत ओढतात, "श्युप्" असा आवाज येतो, संपलं. उत्तर स्वीडनमध्ये होकार असाच देतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला धाप लागलीय.

जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर पाच काडतुसं ओळीने उभी केली. मुद्दाम माझ्यासाठी. सगळ्यात डावीकडे त्यांचं स्वतःचं, ६.५×५५, म्हणजे गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. पितळी पुंगळी, खाली ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, एवढं सगळ्यांचं सारखंच. पण यांची गोळी बघण्यासारखी होती: पेन्सिलीसारखी बारीक, लांब, आणि पुढचं टोक बोथट, गोल, तिथे तांब्याच्या सालीतून शिसं उघडं दिसत होतं. वजन १०.१ ग्रॅम. अमेरिकन डब्यांवर हेच १५६ ग्रेन असं लिहितात.

शेजारी .३०८, मग .३०-०६ (यांत जाडी इंचांत), मग .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं, जोरदार, आणि उजव्या टोकाला ९.३×६२. त्याची गोळी साडेअठरा ग्रॅमची, जवळपास दुप्पट. हे काडतूस १९०५ च्या सुमारास बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूकवाल्याने आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधल्या लोकांसाठी काढलं, आणि आज ते स्वीडनच्या रानात मूसवर चालतं.

"कुठलं चांगलं?" मी विचारलं. मित्र हसला. म्हणाला, या प्रश्नावर इथे मैत्र्या तुटल्यात.

६.५×५५ हे १८९४ चं, स्वीडन आणि नॉर्वेच्या सैन्यासाठी बनवलेलं. पुढे लष्करी माउझर रायफली आणि त्याच धाटणीच्या शिकारी रायफली घरोघरी पोचल्या. आबांची त्यांच्या वडिलांकडून आलेली. अमेरिकेत कुणाला सांगितलं की पाचशे किलोच्या मूसला मी साडेसहा मिलिमीटरची गोळी घालतो, तर तो वेड्यात काढेल, असं मित्राचं म्हणणं. इथे शंभरेक वर्षं तेच चाललंय.

गोळी बारीक आणि लांब असली की तिच्या तोंडाच्या मानाने पाठीमागे वजन जास्त असतं. त्यामुळे ती खोल जाते. सुई आणि बत्ता यांतला फरक म्हणा. मात्र लांब गोळी हवेत सरळ राहायला नळीतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) जलद लागतो, आणि या काडतुसासाठी तो पहिल्यापासून तसा ठेवलाय.

कायदाही साधा आहे. मूससाठी पहिल्या वर्गाचं काडतूस लागतं: गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर २,७०० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे; १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २,००० ज्यूल पुरतात. शिवाय गोळी आत गेल्यावर उमलणारी हवी. आबांची गोळी दहाच्या वर ०.१ ग्रॅमने आहे, हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं आणि श्वास आत ओढला.

झोपण्यापूर्वी आईला फोन केला. "मूस म्हणजे सोनाराची?" तिने विचारलं. नाही गं, सांबराच्या जातीचं, सांबरापेक्षा कितीतरी मोठं, लोंबत्या नाकाचं. इथे त्याला "एल्य" म्हणतात. "बरं, तू दूर उभा राहा," ती म्हणाली.

रविवार: पुठ्ठ्याचा मूस

शिकारीच्या आदल्या दिवशी सगळी तुकडी चांदमारीला जमते. अकरा जण. प्रमुख एक बाई, पेशाने नर्स, आवाज खणखणीत. कोण कुठे बसणार, कुठल्या दिशेला गोळी अजिबात झाडायची नाही, हे सगळं ती ठरवते आणि तिच्यापुढे कुणी बोलत नाही.

ऐंशी मीटरवर रुळांवरून सरकणारा पुठ्ठ्याचा मूस. आधी उभा असताना मारायचा, मग पळताना. आबांनी पाच गोळ्या झाडल्या, पाची छातीत, हाताच्या पंजाखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत. त्यांच्या रायफलीचा धक्का असा की खांदा थोडा हलतो, बस्स.

मग एक तिशीतला तरुण आला. स्टॉकहोमला राहतो, मामाच्या जागी यंदा तुकडीत आलाय. नवीकोरी .३०० विंचेस्टर मॅग्नम. पहिला बार झाला आणि माझ्या पोटात हललं. गोळी मूसच्या पोटात. दुसरी मांडीत. तिसरी गेली कुठे ते कळलंच नाही.

बाईंनी त्याची रायफल मागून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. त्याने नेम धरला, चाप ओढला. नुसतं "टक्". आत दारू नसलेलं डमी काडतूस होतं. पण नळी मात्र चांगली चार बोटं खाली गेली आणि त्याचे डोळे घट्ट मिटलेले सगळ्यांनी पाहिले. धक्का बसायच्या आधीच अंग धक्क्याला भ्यायलं होतं. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "अजून वीस वेळा, असंच रिकामं." तासाभराने तो बराच सुधारला. दुपारी त्यांनी त्याला .३०-०६ उसनी घ्यायचं सुचवलं, तो नको म्हणाला.

ज्यांना असं कुणी रानात नेणार असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच सांगून टाकतो. नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घालावंच लागतं, मागून घ्या. रबरी बूट गुडघ्यापर्यंतचे, एक नंबर मोठे, आत दोन मोजे. बुडाखाली ठेवायची घडीची फोमची पट्टी इथे शाळकरी पोरांच्याही दप्तरात असते. ती विसरलात तर ओल्या शेवाळावर चार तास काढायचे आहेत हे ध्यानात ठेवा. चेन चुर्रर करणारं जाकीट नको. आणि शिकाऱ्याला "शुभेच्छा" म्हणायचं नाही, अपशकुन होतो. "शीतयाक्त" म्हणायचं, म्हणजे "घाणेरडी शिकार होवो". दृष्ट लागू नये म्हणून आपण बाळाच्या गालाला काळं लावतो, तशातलाच प्रकार.

सोमवार: आबांच्या शेजारी

पहाटे साडेचारला उठलो. बाहेर तीन अंश. सूर्योदयाच्या एक तास आधीपासून मूसवर गोळी झाडायची मुभा असते, सूर्यास्ताला बंद. अंधारातच आबांच्या मागून चालत त्यांच्या ठरलेल्या जागी पोचलो. डबक्याच्या काठावर एक खडक, समोर कापलेल्या रानाचा उतार. चाळीस वर्षं ते याच खडकावर बसतात.

दूर कुत्री सोडली होती. येम्टहुंड जातीची, करडी, लांडग्यासारखी, शेपूट मात्र पाठीवर वळलेली. आपल्याकडे पूर्वी हाकेवाले रान उठवायचे. इथे एकटी कुत्री मूस शोधून काढते आणि त्याच्यासमोर उभी राहून भुंकत राहते. मूस तिला फारसा भीत नाही, म्हणून जागेवर थांबतो. तिच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा, आणि आबांच्या मोबाइलवर नकाशात सरकणारी तिची रेघ. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, १८९४ चं काडतूस आणि हातात ॲप.

सातच्या सुमाराला एक करडा-तांबूस पक्षी अगदी हातभर अंतरावर येऊन बसला. लाव्हस्क्रीका. शिकाऱ्यांचा शकुनाचा पक्षी. आबांनी खिशातून सॉसेजचा तुकडा काढून त्याच्यासमोर ठेवला, आधीपासूनच कापून आणलेला होता. मग क्नॉट आल्या, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या. थंडीने डास मेले तरी या मरत नाहीत.

नऊ वाजता भुंकणं ऐकू आलं. आधी एका जागी, मग सरकायला लागलं, आमच्याकडे. आबांनी रायफल गुडघ्यावरून खांद्याला कधी नेली ते मला दिसलंच नाही. उतारावर बर्चच्या मागून एक करड्या-काळ्या रंगाची भिंत बाहेर आली. एवढं मोठं जनावर आणि पावलांचा आवाज शून्य. तरुण नर, शिंगं अजून लहान. सत्तर मीटर असेल. थांबला, बाजू आमच्याकडे.

बार झाला. आणि काहीच झालं नाही. मूस तसाच उभा. मग दहा पावलं चालला, एखादा माणूस काहीतरी आठवून स्वयंपाकघरात जातो तसा, आणि झाडांत गेला. मला वाटलं चुकली. आबांनी बोल्ट मागेपुढे केला, पुंगळी उचलून खिशात घातली, थर्मास उघडला आणि माझ्या हातात कॉफी दिली. दहा मिनिटं आम्ही कॉफी प्यायलो. माझे हात थरथरत होते, त्यांचे नाही.

मग उठून गेलो. लिंगन या रानबेरीच्या पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त. फुप्फुसाचं, आबा म्हणाले. पंचावन्न-साठ पावलांवर तो पडला होता. गोळी आत शिरल्याचं छिद्र बोटाएवढं. पलीकडून बाहेर पडल्याचं, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. हे दुसरं छिद्र महत्त्वाचं, मित्राने नंतर समजावलं. मूस जागेवर कोसळत नाही, फुप्फुसं गेली तरी श्वास संपेपर्यंत चालतो. गोळी आरपार गेली तर रक्त जमिनीवर पडतं आणि माग लागतो. आत अडकली तर सगळं रक्त छातीतच साचतं, आणि कितीही जोरदार काडतूस असलं तरी तुम्ही ब्लूबेरीच्या झुडपांत गुडघ्यावर बसून शोधत राहता.

आबांनी टोपी काढली, मिनिटभर उभे राहिले. मग सुरी.

एवढं धूड रानातून आणायला "यार्नहेस्त" आला, म्हणजे लोखंडी घोडा: मागून चालत हाकायचं, पट्ट्यांवर सरकणारं छोटं यंत्र. दुपारी शेकोटीवर फालूकोर्व्ह, म्हणजे इथलं जाड सॉसेज, भाजलं, काळी उकळलेली कॉफी लाकडी कपात ओतली, आणि तिच्यात चीजचे तुकडे टाकले. कॉफीत चीज! ते विरघळत नाही, पनीरसारखं मऊ होतं आणि खाताना दाताखाली करकर करतं. दुसरा कप मी मागून घेतला.

मंगळवार: पाऊस आणि खांदा

सकाळपासून पाऊस. मी मित्राबरोबर मनोऱ्यावर होतो. अकराच्या सुमाराला लांबून बार ऐकू आला, तो पोटात हलवणारा. मग वॉकीटॉकीवर बराच वेळ काही नाही. मग त्या तरुणाचा आवाज, घाईघाईतला: लागली, पडला, उठला, गेला.

अंतर होतं जेमतेम पस्तीस मीटर. गोळी पुढच्या खांद्याच्या हाडावर. काडतुसात काही खोट नव्हती, कायद्यातही बसत होतं. पण त्याने भरली होती ९.७ ग्रॅमची हलकी, साधी गोळी, सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने सुटणारी. एवढ्या जवळून, एवढ्या वेगात ती जाड हाडावर आपटली आणि फुटली.

स्वीडनमध्ये जखमी जनावराच्या मागावर शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत पोचलाच पाहिजे, असा नियम आहे. इथे अर्ध्या तासात पोचला. पावसाने रक्त धुऊन गेलं होतं. आम्ही सगळे आपापल्या जागी, हलायची परवानगी नाही, फक्त नकाशावरची रेघ बघायची. पावणेदोन तास. तो तरुण त्या वेळात काय विचार करत असेल ते मला नको वाटतं. शेवटी दलदलीच्या कडेला प्रमुख बाईंनी आपल्या .३०८ ने काम संपवलं, समोरून, छातीत.

संध्याकाळी कातडं काढताना मी शेडमध्ये होतो. तो खांदा बघवत नव्हता. जांभळा, जेलीसारखा, हाडाच्या कपच्यांनी भरलेला, आणि मधे मधे शिशाचे कण. दहा-बारा किलो मांस फुकट. सगळ्यात मोठा सापडलेला गोळीचा तुकडा तुरीच्या डाळीएवढा. बाईंची गोळी मात्र पूर्ण मिळाली, जनावराच्या लांबीभर जाऊन मागच्या बाजूला कातड्याखाली अडकलेली. अख्खी तांब्याची, शिसं नाहीच. पुढून चार पाकळ्या मागे वळलेल्या, जास्वंदीसारख्या.

रात्री टेबलावर तेच दोन नमुने ठेवून चर्चा. मित्राने कागदावर गणित मांडलं: या तरुणाच्या गोळीची आणि त्या जाड्या ९.३×६२ ची नळीतून सुटतानाची ऊर्जा जवळपास सारखीच निघते, साडेचार-पाच हजार ज्यूल. एकीत वेग, दुसरीत वजन. कागदावर जुळे भाऊ. खांद्याच्या हाडापाशी एक खडूसारखा फुटतो, दुसरा कुदळीसारखा पलीकडे निघतो. मॅग्नमच वापरायची असेल तर गोळी जड घे, अकरा-बारा ग्रॅमची, आणि अशी की जिचं शिसं तांब्याच्या सालीला आतून चिकटवलेलं आहे; ती उमलते पण तुकडे होत नाही, असा सल्ला निघाला. तो मुकाट्याने लिहून घेत होता.

तेव्हा ९.३×६२ वाल्या ट्रक ड्रायव्हरने जॉन नॉसलरची गोष्ट सांगितली. १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात या माणसासमोर चिखलाने माखलेला मूस आला, आणि मॅग्नमच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटत राहिल्या, आत जाईनात. घरी जाऊन त्याने दोन कप्प्यांची गोळी बनवली: मधे तांब्याच्या मिश्रधातूची भिंत, पुढचा कप्पा उमलतो, मागचा घट्ट राहून आत जातो. पार्टिशन नावाची ती गोळी १९४८ पासून विकली जातेय. "म्हणजे तू एकटा नाहीस," ट्रकवाला त्या तरुणाला म्हणाला आणि त्याच्या पेल्यात ओतलं. दिवसभरात तो पहिल्यांदा हसला.

तांब्याबद्दल बाईंचं कारण वेगळं होतं. घरात नातवंडं आहेत, हे मांस वर्षभर तीच खाणार. शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, म्हणून लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी अशा गोळीचं मांस टाळावं असं इथलं अन्न खातं सांगतं. डेन्मार्कने तर एप्रिल २०२४ पासून रायफलीतलं शिसं बंदच केलं. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. आणि कडक, त्यामुळे नीट उमलायला वेग लागतो. आबांच्या जुन्या, संथ ६.५ मध्ये हा प्रश्नच आहे. आबांना विचारलं, बदलणार का? ते म्हणाले, त्यांच्याकडे शिशाच्या साठ गोळ्या शिल्लक आहेत. वर्षाला दोन लागतात.

बुधवार: परत

सकाळी निघताना आबांनी सोमवारची पुंगळी माझ्या हातावर ठेवली. आठवण म्हणून. मी ती मित्राच्या घरी ठेवलीय, आणि तुम्हालाही सांगतो: अशी वस्तू घेऊन भारतात जाणाऱ्या विमानात चढू नका. बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी आपल्या विमानतळांवर लोकांना पोलीस ठाण्याची वारी घडते. पुंगळी रिकामी होती, हे समजावत बसण्याची ती जागा नाही.

मांस लगेच वाटत नाहीत. थंड खोलीत टांगतात, आणि हिशोब चाळीस "दिवस-अंशांचा": पाच अंश तापमान असेल तर आठ दिवस, चार असेल तर दहा.

म्हणून वाटे मी पाहिले ते मोबाइलवर, पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. मित्राने व्हिडिओ कॉल लावला. शेडमधल्या लांब टेबलावर मांसाचे ढीग, आणि आबा भिंतीकडे तोंड करून उभे. बाई एका ढिगावर हात ठेवून विचारत, "हा कोणाचा?" आणि आबा न बघता नाव घेत. मी फोन घट्ट धरला. कुडाळला डुकराचे वाटे लागायचे तेव्हा आजोबा असेच पाठमोरे उभे राहायचे, असं आई सांगते.

बारावा ढीग लहान होता. "हा कोणाचा?" आबांनी जरा वेळ घेतला, मग माझं नाव घेतलं, उच्चाराची पार वाट लावून.

माझ्या वाट्याला नळी आली, पोटरीचं मांस, चिवट. मालवणी मसाला घालून कुकरला सात शिट्ट्या काढल्या, तरी दाताला लागत होतं. आईला फोन केला. म्हणाली, कच्ची पपई घालायची होती ना चार फोडी. आता स्टॉकहोममध्ये कच्ची पपई शोधतोय.